वापरलेला डायपर कुठे ठेवायचा?

लग्नसराई तोंडावर आली की आपल्या इंदूरच्या घरांमधून एक संवाद हमखास ऐकू येतो. लग्न पुण्याला, बाळ आठ महिन्यांचं, आणि जावं की न जावं यावर घरात दोन तट. शेवटी आईच म्हणते, "तुम्ही सगळे जाऊन या, मी थांबते बाळाला घेऊन. एवढं सामान कोण उचलणार?" झालं. ज्या पणजीला बाळ एकदा मांडीवर घ्यायचं होतं, तिला व्हिडिओ कॉलवर समाधान मानावं लागतं.

आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेर स्थिरावलेल्या घरांना हे परवडणारं नाही. आजोळ नाशिकला, आत्या पुण्याला, कुलदैवत कोकणात. अशा येण्याजाण्यावरच तर ही नाती टिकली आहेत. बाळाच्या सामानापायी ती अडू नयेत, म्हणून आज बाळाच्या पिशवीबद्दल.

पहिला प्रश्न सगळ्यांचा सारखाच: डायपर किती न्यायचे? बरेच जण दिवस मोजतात आणि पाच दिवसांचा गठ्ठाच बॅगेत कोंबतात. मोजायचे ते प्रवासाचे तास. पुण्याची गाडी इंदूरहून सरळ दक्षिणेला जात नाही. ती रतलाम, वडोदरा, सुरत, कल्याण असा मोठा वळसा घालते. (मनमाड-इंदूर या ३०९ किलोमीटरच्या नव्या मार्गाला २०२४ साली केंद्राची मंजुरी मिळाली. तो होईतो आजची बाळं शाळेत जायला लागतील, असा माझा आपला अंदाज.) घरून स्टेशन, गाडीतली रात्र, तिकडे उतरल्यावर रिक्षा, आणि गाडी लेट झालीच तर तेही धरून दारापासून दारापर्यंत २० तास समजा. आठ महिन्यांच्या बाळाला जागेपणी तीन-चार तासांनी बदलावं लागतं, शी झाली तर लगेच. रात्री एक डायपर जरा जास्त वेळ निभावतो. म्हणजे सहा. त्यात निम्मे वरकड घाला, नऊ. बस्स. पुण्यात उतरल्यावर कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये पुढचं पाकीट मिळतं.

कोकणातल्या लहान गावी देवाला जायचं असेल, तर मात्र सगळा साठा बरोबर हवा. दुकानात डायपर टांगलेले दिसतात, पण आपल्या बाळाच्या मापाचे असतीलच असं नाही.

हे नऊही डायपर एका ठिकाणी ठेवू नका. मोठी बॅग बर्थखाली साखळीने बांधलेली असते, आणि रात्री दोन वाजता, डब्यातले दिवे बंद असताना, ती ओढून काढणं म्हणजे शेजारच्या चौघांना उठवणं. खांद्यावरच्या पिशवीत चार डायपर हवेतच. एक झबलं, एक चड्डी आणि एक डायपर यांची एकत्र गुंडाळी करून रबर लावा. अंधारात हात घातला की एक गुंडाळी हाती येते, शोधाशोध नाही. आणि याच पिशवीत आईचा एक कुर्ता आणि बाबांचा एक टी-शर्ट ठेवा. बाळाचे चार जोड घेणारे लोक हे हटकून विसरतात, आणि बाळ ओकतं ते नेमकं मोठ्यांच्याच अंगावर.

आता आजी. "आमच्या वेळी नव्हते हो तुमचे डायपर, चार चार पोरं वाढवली लंगोटावर," हे वाक्य पॅकिंगच्या वेळी येणारच. त्यावर वाद घालू नका, त्यांच्याकडून जुन्या सुती साडीची सहा दुपटी मागून घ्या. लंगोट प्रवासात नको, ओले लंगोट गाडीत वाळवणार कुठे? पण दुपट्यासारखी वस्तू कुठल्याही बेबी शॉपमध्ये मिळणार नाही. बर्थवर अंथरायला, एसीत पांघरायला, दूध पाजताना आडोसा करायला, खिडकीतलं ऊन अडवायला, पाणी सांडलं की पुसायला. खाली मेणकापड आणि वर दुपटं, की बदलायची जागा तयार. मुक्कामी पोचल्यावर दिवसा दोन-तीन तास बाळाला डायपरशिवाय दुपट्यावर मोकळं खेळू द्या. रात्रभर बांधून ठेवलेल्या कातडीला तेवढी हवा लागलीच पाहिजे, नाहीतर लग्नाच्या दिवशी रॅश उठून बाळ किरकिरणार.

कोरे डायपर किती, याचा हिशेब सगळे करतात. वापरलेले कुठे जाणार, याचा फारसा कोणी करत नाही, आणि माझ्या मते खरी अडचण तिथेच आहे. घरी आपण किती शिकलोय! कचऱ्याची गाडी दारात आली की ओला, सुका, प्लास्टिक आणि डायपर-पॅडचा वेगळा कप्पा, हे इंदूरचं शेंबडं पोरही सांगेल. २०१६ च्या घनकचरा नियमांतही डायपर नीट गुंडाळून द्यावा असं सांगितलं होतं. आणि हेच आपण गाडीत बसलो की काय करतो? कोणी खिडकीतून भिरकावतं, कोणी संडासात टाकून मोकळं होतं.

आता आपल्या गाड्यांना बायो-टॉयलेट असतात. डब्याखालच्या टाकीत जिवाणू असतात, ते मैल्याचं पाणी आणि वायू करतात. डायपर त्यांच्याने पचत नाही. त्यातलं जेल पाणी पिऊन फुगतं आणि वाट तुंबते. मग पुढची सगळी रात्र तो संडास डब्यातल्या कोणालाच वापरता येत नाही, त्यात गुडघे दुखणारी एखादी आजीही असते. तुंबलेलं साफ करायला यार्डात शेवटी कोणीतरी माणूसच हात घालतो. ओले वाइप्सही तसेच. कागदासारखे दिसतात, विरघळत मात्र नाहीत.

करायचं ते सोपं आहे. शी असेल तर ती तेवढी संडासात झटकायची, डायपर घट्ट गुंडाळून त्याच्याच पट्टीने चिकटवायचा, वर जुनं वर्तमानपत्र, आणि मग पिशवीत. त्यासाठी सुगंधी महागड्या पिशव्या विकत घ्यायची गरज नाही. ब्रेडची रिकामी पाकिटं आठवडाभर साठवा, नऊ सहज जमतात. तोंडाला गाठ मारली की वास येत नाही. मग वॉशबेसिनखालच्या कचरापेटीत टाका, आणि ती ओसंडून वाहत असेल तर मोठ्या बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवून पुण्याला घेऊन जा. हो, घेऊन जा. कोरे नऊ नेता आले, तर वापरलेले दोन जड होत नाहीत.

खाण्याबद्दल थोडक्यात. आईचं दूध चालू असेल तर अर्धं सामान कमीच. पावडरचं दूध असेल तर ते आधी कालवून नेऊ नका. मोजलेली पावडर कोरड्या डबीत, चांगल्या थर्मासमध्ये उकळतं पाणी, आणि लागेल तेव्हाच कालवायचं. पाजण्याआधी कोमट करून मनगटावर थेंब टाकून पाहायचा. कालवलेलं दोन तासांच्या वर ठेवायचं नाही. नाचणीचं सत्त्व किंवा भाजलेल्या तांदूळ-मुगाची पूड गरम पाण्यात होते. ओआरएसचं पाकीट जवळ असावं, पण त्यावर डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलेलं बघून घ्या, आणि किती द्यायचं हे निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा. आणि चाटवायला म्हणून मध कोणी पुढे केला, तर वर्षाच्या आत नाही म्हणजे नाही. कितीही जवळचं माणूस असो.

बर्थचंही आधी बघा. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही, पण मग बर्थही मिळत नाही. २०२२ मध्ये लखनौ मेलमध्ये खालच्या बर्थला जोडलेला छोटा बेबी बर्थ लावून पाहिला होता, पण आपण त्याच्या भरवशावर राहू नये. सासूबाई किंवा आई बरोबर असतील तर त्यांचं तिकीट वेगळं काढा, म्हणजे ज्येष्ठांच्या कोट्यातून खालचा बर्थ मिळायची शक्यता वाढते.

राहता राहिले बाबा. पिशवी भरायचं काम त्यांच्याकडे द्या. मदत म्हणून नव्हे, पूर्णच. ज्याने भरली त्यालाच रात्री दोन वाजता कुठल्या कप्प्यात काय आहे ते ठाऊक असतं. आईने भरली तर "अगं, ते कुठंय?" ऐकण्यासाठी तिला जागं राहावंच लागतं. मग बदलायला तीच उठली काय आणि ते उठले काय.

एक राहिलंच. परतीचे नऊ डायपर पुण्यात पोचल्या दिवशीच मोजून, बॅगेच्या तळाशी, साड्यांच्या खाली ठेवून द्या. लग्नघरात आणखी तीन बाळं असतात आणि त्यांच्या आयांना "एक मिळेल का गं?" म्हटल्यावर नाही म्हणवत नाही.