काटकुळा, पण काटक!

दोस्तांनो, शाळेच्या कुंपणालगत ओळीने उभे असलेले सरळसोट अशोक तुम्ही पाहिलेच असतील. (खरं तर तो खोटा अशोक, पण ते असो!) त्याच्या फांद्या खाली झुकलेल्या असतात. आजचं आपलं झाडही खांबासारखंच, पण त्याच्या फांद्या खोडाला बिलगून वर आभाळाकडे जातात. त्याचं नाव स्तंभी ॲस्पेन.

हे मूळचं स्वीडनचं. तिथल्या जंगलातल्या पसरट ॲस्पेनमध्ये हा निराळा काटकुळा भाऊ सापडला. पुढे तो कॅनडातल्या कॅल्गरी, एडमंटन अशा शहरांत घराघरांपुढे जाऊन उभा राहिला. उंची सुमारे १२ मीटर आणि रुंदी जेमतेम २-३ मीटर! चिंचोळ्या अंगणाला आणखी काय हवं?

पण त्याची खरी करामत दिसते हिवाळ्यात. तिकडे पारा कधीकधी उणे ४० अंशांपर्यंत उतरतो. तुम्ही म्हणाल, मग झाडातलं पाणी गोठून पेशी फुटत कशा नाहीत? त्याचं असं आहे, थंडीची चाहूल लागली की झाड पानं पिवळी करून गाळून टाकतं, पेशींत साखर वाढवतं आणि पेशींमधलं बरंचसं पाणी बाहेरच्या फटींमध्ये जाऊ देतं. बर्फ होतो तो तिथे. पेशी सुखरूप! शिवाय सालीत हरितद्रव्य असतं, त्यामुळे पानं नसतानाही थोडंफार अन्न तयार करता येतं.

पिंपळासारखी याचीही पानं जराशा झुळुकीने सळसळतात, बरं का. ॲस्पेनच्या पानाचा देठ चपटा असतो, म्हणून ते चटकन डोलतं.

याला भरपूर ऊन हवं आणि जमीन ओलसर, पण पाणी न साचणारी. कडक, लांब उन्हाळा मात्र सोसत नाही. तेव्हा नागपुरात लावायचा बेत असेल तर सोडून द्या!

आता एक काळजीची गोष्ट. खांबासारखा आकार हुबेहूब यावा म्हणून ही झाडं बियांपासून न करता जुन्या झाडाच्याच तुकड्यांपासून वाढवतात. म्हणजे रस्त्यावरची शंभर झाडं ही शंभर भावंडं नव्हेत, एकाच झाडाच्या शंभर नकला! एकाला जो रोग बाधतो, तो सगळ्यांनाच बाधू शकतो. आणि तसा एक रोग खरोखरच आला आहे. एका बुरशीमुळे उन्हाळ्याच्या अखेरीस पानं तांबूस-तपकिरी होतात, पण देठ आणि मधली शीर हिरवीच राहते. अशी पानं हिवाळाभर फांदीला चिकटून राहतात. काही वर्षांत झाड मरतं. उणे ४० अंशांना न डगमगणारं झाड डोळ्यांना दिसतही नाही अशा बुरशीपुढे हात टेकतं!

यावर खात्रीचं औषध नाही. रोगट फांदी दिसताच निरोगी भागापर्यंत छाटायची, गळालेली पानं गोळा करायची आणि कात्री दर वेळी जंतुनाशकाने पुसायची, एवढंच माळ्याच्या हातात असतं. नवी ओळ लावताना काही जण मध्येमध्ये दुसऱ्या जातीची झाडं घालतात. ओळ थोडी वेडीवाकडी दिसते खरी!