देणारे गेल्यावर काय उरते?

ख्रिस्ती सेवाकार्याविषयी आपल्याकडे जो वाद चालतो, तो शंभराहून अधिक वर्षांचा जुना असूनही एक पाऊल पुढे सरकलेला नाही. एक पक्ष म्हणतो की, मिशनची शाळा, मिशनचा दवाखाना, नाताळात वाटलेला खाऊ हे सारे धर्मांतराच्या गळाला लावलेले आमिष होय. दुसरा पक्ष म्हणतो की, जेथे कोणी जात नाही तेथे हे लोक जातात; तेव्हा त्यांस हात जोडावे आणि पुढे काही विचारू नये. दोन्ही पक्ष सुशिक्षित आहेत, दोघांचीही भाषा ठाम आहे, आणि आमच्या मते दोघेही एकच चूक करीत आहेत. दोघेही देणाऱ्याच्या तोंडाकडे पाहतात. घेणाऱ्याच्या घरात डोकावण्याची तसदी मात्र कोणीच घेत नाही. देणाऱ्याच्या मनात काय होते हे ठरविण्याचे साधन माणसाजवळ नाही. देणारा निघून गेल्यावर गावात काय उरले, हे मात्र कोणासही जाऊन पाहता येते. आम्ही हीच कसोटी खरी मानतो.

चर्चा हवेत राहू नये म्हणून एक मुलूख वाचकांपुढे ठेवतो. पाटोदा हा बीड जिल्ह्यातील, बालाघाटाच्या माथ्यावरचा तालुका. याच तालुक्याच्या डोंगरात मांजरा उगम पावते आणि गोदावरीच्या भेटीस निघते. याच तालुक्यात सौताड्याच्या कड्यावरून विंचरणा खाली झेप घेते आणि जामखेडकडे, पुढे सीना-भीमेच्या खोऱ्याकडे वळते. दोन्हीकडच्या खोऱ्यांना पाणी पाठविणारा हा डोंगर स्वतः तहानलेला राहतो. जमीन हलकी, पाऊस लहरी, आणि घरात धान्य आले तरी ते वर्षभर पुरेल याचा भरवसा नाही. म्हणून दसरा-दिवाळी आटोपली की मुकादमाकडून आधीच घेतलेली उचल फेडण्यासाठी वाड्या-वस्त्यांवरून बिऱ्हाडे हलू लागतात. नवरा-बायको मिळून हिशेबात एक 'कोयता' होतो. कारखान्याच्या आवारात किंवा उसाच्या फडाशेजारी पाचटाची कोपी उभी राहते आणि चैत्र-वैशाखापर्यंत तेच घर.

या हालचालीत मुलाचे काय होते? जे आईबापांबरोबर जाते त्याची शाळा बुडते, आणि हाताने जरा धरते झाले की ते मोळ्या बांधण्यास किंवा धाकट्या भावंडास सांभाळण्यास लागते. जे मागे राहते ते आजीच्या पदराशी राहते, आणि आजीला बहुधा स्वतःचेच सांभाळणे जड जात असते. आईचे काय होते, हे तर शासकीय कागदांतच नमूद आहे. राज्य शासनाने २०१९ साली नेमलेल्या समितीस बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी करणाऱ्या ८२,३०९ स्त्रियांच्या पाहणीत १३,८६१ स्त्रियांची गर्भपिशवी काढलेली आढळली. सहा जणींत एक, हे प्रमाण कोणत्याही रोगाचे असते तर आपण त्यास साथ म्हटले असते. आपल्या घरी सकाळचा चहा ज्या साखरेने गोड होतो तिचा हा दुसरा हिशेब आहे. तो किराण्याच्या यादीत दिसत नाही इतकेच.

आता अशा डोंगरी खेड्यात जी सेवा पोहोचते तिचा प्रचलित प्रकार पाहू. वर्षातून एकदा एक गाडी घाट चढून येते. घोंगड्या, वह्या, कपडे, खाऊ यांचे वाटप होते, मुलांस रांगेत बसवून गाणी म्हणावयास लावतात, छायाचित्रे निघतात, चार शब्द बोलले जातात आणि दिवस मावळण्यापूर्वी गाडी घाट उतरते. गाडीवर क्रूस असो, ॐ असो वा एखाद्या मंडळाचे बोधचिन्ह असो, कार्यक्रम एकच. यातील विपरीत गोष्ट अशी की, हे वाटप बहुधा नाताळात किंवा नववर्षाच्या सुमारास होते, आणि बरोबर त्याच दिवसांत ज्यांच्या नावाने ते करावयाचे ती कुटुंबे दूर कोठे तरी उसाच्या फडात असतात. देणाऱ्यांचे पंचांग आणि घेणाऱ्यांचे पंचांग यांची भेटच होत नाही. वर्षानुवर्षे हे ध्यानात न यावे, याचा अर्थ इतकाच की गाडी निघताना गावास कोणी काही विचारलेलेच नसते. अशा दानाने देणाऱ्याच्या मनाला ऊब येते हे आम्ही नाकारीत नाही. पण त्यास सेवा म्हणणे हा शब्दाचा दुरुपयोग होय.

येथे आक्षेपक म्हणेल, "मग मिशनांचेच पितळ उघडे पडले की!" त्याने थोडे थांबावे. मिशनांचा आपल्या भागातील इतिहास एकरंगी नाही. अमेरिकन मराठी मिशनने नगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, १८३१ साली ठाणे मांडले आणि १८४२ साली तेथूनच 'ज्ञानोदय' निघू लागले. धर्मप्रसार हा आपला उद्देश त्या मंडळींनी कधीच लपविला नाही. पुढे मोठ्या दुष्काळांत अन्नाबरोबर धर्मही दिला गेला, हा आक्षेपकाचा आरोप सर्वस्वी निराधार म्हणता येत नाही. भुकेल्यापुढे एका हाताने भाकरी आणि दुसऱ्या हाताने धर्म ठेवणे आम्हांस सर्वथैव गर्ह्य वाटते. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १९७७ साली धर्मप्रचाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करविण्याचा हक्क येत नाही, असा निवाडा दिला आहे. परंतु त्याच नगरात मिस फरार यांच्या मुलींच्या शाळाही होत्या. जोतीराव फुले यांनी ती शाळा पाहिली आणि १८४८ साली पुण्यास मुलींची शाळा काढली. जोतीराव ख्रिस्ती झाले नाहीत. पण मुलीस शिकविता येते आणि शिकवावे, ही गोष्ट त्यांनी तेथून उचलली. देणाऱ्याच्या हेतूपेक्षा दिलेली वस्तू मोठी ठरली, कारण ती घेणाऱ्यास आपलीशी करता आली. घोंगडी फाटते, पण एकदा अंगी आलेली विद्या देणाऱ्याची मालकी मानीत नाही.

याच विचाराचे अलीकडचे उदाहरण शोधण्यास लांब जावयास नको. विंचरणा ज्या जामखेडास जाते तेथेच ते आहे. रजनीकांत आणि मेबल आरोळे हे वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यक महाविद्यालयात शिकलेले श्रद्धाळू ख्रिस्ती दांपत्य. वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काम करीत असता त्यांच्या ध्यानात आले की, बरा करून पाठविलेला रोगी तोच रोग घेऊन पुन्हा दाराशी येतो, कारण रोगाचे मूळ गावातील पाण्यात, भुकेत आणि जातीच्या कुंपणात आहे. अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन १९७० साली त्यांनी जामखेडास काम मांडले. लवकरच दुष्काळ आला. लोकांनी औषधाआधी अन्न आणि पाणी मागितले. तेव्हा कामाची सुरुवात तेथून झाली. विंधनविहिरी घेताना त्या दलित वस्तीत लागाव्यात अशी योजना त्यांनी केली. पाणी पाहिजे असेल तर सगळ्या गावाने त्या वस्तीत यावे! अस्पृश्यतेवर शंभर प्रवचने करूनही जे साधले नसते ते हापशाने साधण्याचा हा मार्ग होता.

त्यांनी आरंभी शिकलेल्या परिचारिकांस खेड्यात ठेवून पाहिले. ते जमले नाही. तेव्हा गावातीलच स्त्रिया निवडण्यात आल्या. त्यांपैकी पुष्कळ निरक्षर होत्या, पुष्कळ दलित जातींतील होत्या. त्या आठवड्यास जामखेडास येत, शिकत, आणि परत जाऊन बाळंतपण, अतिसार, मुलांचे वजन, लशी यांकडे पाहत. १९७१ साली त्या भागात जन्मणाऱ्या हजार मुलांपैकी १७६ वर्षाच्या आत दगावत; पुढील दोन-अडीच दशकांत हा आकडा विशीच्या घरात आला, असे प्रकल्पाच्या नोंदी सांगतात. १९७९ साली या दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलताई १९९९ साली आणि डॉ. आरोळे २०११ साली निवर्तले. काम त्यांच्यामागेही चालू राहिले, कारण ते गावोगावच्या बायकांच्या हाती पोहोचलेले होते.

कोणी म्हणेल की, ही दोन थोर माणसांची कथा झाली, चर्चचा त्यात संबंध काय? संबंध आहे, आणि तो चर्चलाही थोडा बोचणारा आहे. जागतिक चर्च परिषदेने १९६८ साली जो ख्रिस्ती वैद्यकीय आयोग नेमला, त्यास आढळले की चर्चच्या आरोग्यकार्याचा फार मोठा वाटा रुग्णालयांच्या भिंतींआड खर्च होतो आणि दूरच्या खेड्यास त्याचा लाभ पोहोचत नाही. आपल्याच घरातील दोष असा चारचौघांत सांगण्याचे धैर्य किती मठांनी आणि किती संस्थांनी दाखविले आहे? याच आयोगाच्या पत्रिकेतून जामखेडची हकीकत जगापुढे आली. १९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या ग्रंथात तिला स्थान मिळाले, आणि १९७८ साली आल्मा-आता येथे प्राथमिक आरोग्यसेवेची जी घोषणा झाली तिच्यामागच्या विचारास अशा प्रयोगांनी बळ दिले. आज गावोगाव हिंडणारी 'आशा' ही २००५ सालची योजना. पण गावच्या बाईने गावचे आरोग्य राखावे हा तिचा गाभा जामखेडच्या परिसरात पुष्कळ आधी सिद्ध झाला होता.

तथापि जामखेडचे गोडवे गाऊन पाटोद्याचा प्रश्न सुटत नाही. गावात राहणाऱ्या माणसाची सेवा कशी करावी हे जामखेडने दाखविले. सहा महिने गावाबाहेर असणाऱ्याची कशी करावी, हा प्रश्न पुढचा आहे. गावात नेमलेली आरोग्यसेविका स्वतःच कोयत्यात मोजली जात असेल तर ऐन हंगामात गावास ती कोठून मिळणार? म्हणून सेवेची योजनाच दोन अंगांची हवी. मागे राहणाऱ्या मुलांसाठी गावातीलच एखादी स्त्री पगार देऊन नेमावी. तिने सहा महिने त्यांचे जेवण, अभ्यास आणि आजारपण पाहावे. शासनाची हंगामी वसतिगृहे जेथे असतील तेथे ती नीट चालतात की नाही यावर डोळा ठेवावा. आणि टोळीबरोबर जाणाऱ्यांसाठी टोळीतीलच एक बाई शिकवून तयार करावी. बीड जिल्ह्यात 'आरोग्य सखी' या नावाने असा प्रयत्न झालेला आहे. त्यास पैसा आणि चिकाटी यांची जोड हवी. गर्भपिशवी काढण्याचा सल्ला मिळालेल्या बाईस "थांब, आधी दुसऱ्या डॉक्टरला दाखवू" असे म्हणणारे एक माणूस कोपीत असते, तर त्या १३,८६१ जणींपैकी कितीजणी वाचल्या असत्या याचा विचार ज्याचा त्याने करावा.

याने उचल संपणार नाही, मुकादमी संपणार नाही. ते काम कायद्याचे आणि संघटनेचे आहे. पण कायदा येईपर्यंत मुलाने वाढावयाचे थांबावे, असे कोणी म्हणू शकत नाही.

ज्यांस चर्चच्या हेतूची भीती वाटते त्यांस आमचे उत्तर सरळ आहे. पाटोदा तालुक्यातच गहिनीनाथगड आहे. संत वामनभाऊंच्या नावाने तेथे हजारो ऊसतोड कुटुंबे माथा टेकतात. ज्या श्रद्धेच्या हाकेला एवढा समाज गोळा होतो, तिने एका हाकेसरशी शंभर वाड्यांत शंभर बायका मुलांसाठी उभ्या कराव्यात. मिशनवर टीका करण्याचा याहून बिनतोड मार्ग आम्हांस ठाऊक नाही. आणि चर्चने त्यात आपला हात जोडला तर तोही परका मानू नये.

राहता राहिले आमचे वाचक. आपल्या दारी वर्गणीचे पावतीपुस्तक येते. कधी चर्चचे, कधी देवस्थानाचे, कधी एखाद्या मंडळाचे. त्या वेळी हेतूची चौकशी करू नये आणि जुने कपडे काढून देऊन मोकळेही होऊ नये. तीन प्रश्न विचारावे. तुम्ही डोंगरावर कोणत्या महिन्यात जाता, आणि तेव्हा ती माणसे घरी असतात काय? तुम्ही परत आल्यावर हे काम गावातील कोण चालवील, आणि तिला पगार किती द्याल? पैशाचा हिशेब देणगीदारांप्रमाणे गावच्या ग्रामसभेतही वाचून दाखविता काय? या तिहींचे उत्तर ज्याच्याजवळ असेल त्यास, तो कोणत्याही देवाच्या नावाने आलेला असो, पैसे द्यावे. ज्याच्याजवळ नसेल त्यास नम्रपणे रिकाम्या हाताने परत पाठवावे, आणि उत्तर घेऊन पुन्हा येण्यास सांगावे.