पाणी मागणारी बाई आणि हार घेणारे पुढारी

आमच्या देशांत कशाचाही दुष्काळ पडेल, पण पुढाऱ्यांचा पडणार नाहीं. आषाढांत अळंब्या उगवाव्या तसे ते निवडणुकीच्या आगेंमागें उगवतात, चौकाचौकांत आपल्या तसबिरी टांगतात, आणि मतदान आटोपलें म्हणजे कोठें नाहींसे होतात याचा पत्ता त्यांच्या हस्तकांसही नसतो. अशांच्या गर्दींत दिल्लीपर्यंत नांव गाजलेली, आणि तरीही झोपडपट्टींतील नळाची जागा न सोडणारी एक बाई होऊन गेली. ता. १७ जुलै २०१२ रोजीं, वयाच्या ८४ व्या वर्षीं, आमच्या या वसई मुक्कामींच तिनें देह ठेवला. मृणालताई गोरे हें तें नांव. वसईकर तें विसरले असतील तर तो वसईकरांचा तोटा आहे, बाईंचा नव्हे.

ताईंचा जन्म १९२८ सालीं मोहिल्यांच्या घरांत झाला. डॉक्टर होण्याचें शिक्षण चालूं असतां तें सोडून त्या राष्ट्र सेवा दलाच्या कामांत शिरल्या आणि समाजवादी कार्यकर्ते केशव ऊर्फ बंडू गोरे यांच्याशीं त्यांनीं जातीबाहेर लग्न केलें. व्यासपीठावर जात मोडणारे आणि सोयरीक जमवितांना पोटजातही चाळून पाहणारे सुधारक आम्हीं पुष्कळ पाहिले आहेत. या जोडप्यानें आधीं घरांत केलें आणि मग लोकांस सांगितलें. १९५८ सालीं पति वारले, पदरीं लहान मुलगी. एखादी बाई येथें खचली असती. ताई १९६१ सालीं मुंबई महापालिकेंत निवडून गेल्या.

तेथें त्यांनीं मागितलें तें काय? पाणी. झोपडी अनधिकृत, सबब झोपडीस नळ नाहीं, असा कारभाऱ्यांचा न्याय होता. वाचक हो, झोपडी अनधिकृत असेल. तहान अनधिकृत असते काय? हंडे घेतलेल्या बायका पाठीशीं घेऊन ताईंनीं हा प्रश्न इतक्या वेळां कचेरीच्या दारांत नेऊन ठेवला, कीं लोकांनीं त्यांस 'पाणीवाली बाई' म्हणूनच ओळखावें. बिरुदें विकत मिळतात, हें मिळत नाहीं.

१९७२ सालीं त्या विधानसभेंत गेल्या. त्याच सुमारास धान्य, तेल, रॉकेल यांची महागाई गरिबाच्या चुलीवर बसली होती. अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी अशा निरनिराळ्या पक्षांच्या बायांबरोबर त्यांनीं लाटण्यांचे मोर्चे काढले. पुरुष पुढारी ज्या काळांत झेंड्याच्या रंगावरून भांडत होते, त्या काळांत बायांनीं लाटणें हाच झेंडा केला! आणीबाणींत कांहीं महिने भूमिगत राहून त्या डिसेंबर १९७५ मध्यें पकडल्या गेल्या. सुटल्यावर १९७७ सालीं उत्तर मुंबईंतून लोकसभेवर निवडून आल्या. 'पाणीवाली बाई दिल्लींत, दिल्लीवाली बाई पाण्यांत' ही घोषणा तेव्हांची. आमचा वसई-विरारचा मुलूख त्या काळीं याच मतदारसंघांत मोडत असे; म्हणजे ताई आमच्याही खासदार होत्या. मोरारजी देसायांनीं मंत्रिपद देऊं केलें, तें त्यांनीं घेतलें नाहीं. मंत्रिपदासाठीं रातोरात पक्ष बदलणाऱ्या आजच्या मंडळींस ही गोष्ट पुराणांतील वाटेल.

पुढें १९८५ सालीं पुन्हा विधानसभेंत, आणि तेथें विरोधी पक्षाच्या नेत्या. पोटांतील मूल मुलगी आहे काय हें तपासून तिचा घात करण्याच्या धंद्याविरुद्ध त्यांनीं बिल आणलें. १९८८ सालीं महाराष्ट्रानें तसा कायदा केला, दिल्ली सरकारास त्यासाठीं १९९४ साल उजाडलें. मात्र एक गोष्ट आम्ही झांकून ठेवणार नाहीं. त्यांच्या समाजवादी मंडळींनीं आपल्या पक्षाचे इतके तुकडे केले, कीं ताईंनीं मिळविलेला विश्वास ठेवावयास भक्कम पेटीच राहिली नाहीं. त्या रिकाम्या जागेंत कोण येऊन बसलें, हें वसईकरांस आम्हीं सांगावयास नको.

आतां वसईकडे वळूं. हा विहिरींचा आणि बावखलांचा मुलूख. टँकरवाल्यांनीं पंप लावून वाड्यांतलें गोड पाणी उपसलें, तेव्हां फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकारानें हरित वसईची चळवळ उभी राहिली. तरी टँकर गेला नाहीं. २००९ सालीं महापालिका झाली. २०११ च्या खानेसुमारींत वस्ती १२ लाखांवर मोजली गेली. सूर्या प्रकल्पाच्या ४०३ दशलक्ष लिटर पाण्याच्या योजनेंत वसई-विरारचा वांटा रोज १८५ दशलक्ष लिटरांचा ठरला. चांगलें झालें. पण तें पाणी कोणाचें? धरण झालें तें आदिवासी तालुक्यांतील शेतीस पाणी देण्यासाठीं. शहराची तहान खरी आहे. पण ती भागवितांना ज्याच्या जमिनीशेजारून नळ जातो त्याचें शेत कोरडें राहिलें, तर तो न्याय झोपडीस नळ नाकारणाऱ्या कारभाऱ्यांच्याच जातकुळीचा होय.

घराचेंही तसेंच. ताईंनीं आणि त्यांच्या सोबत्यांनीं नगरी निवारा परिषद काढून, कमाल जमीन धारणेच्या कायद्याचा आधार घेऊन, गोरेगांव-दिंडोशीस सहा हजारांवर घरें गरिबांस व मध्यम स्थितींतल्या लोकांस मिळवून दिलीं, आणि तीं कायदेशीर! इकडे नालासोपाऱ्यांत कचरा व सांडपाण्याच्या कामीं राखलेल्या जागेवर ४१ अनधिकृत इमारती उभ्या राहिल्या, आणि कोर्टाच्या हुकुमानें २०२४ च्या नोव्हेंबरपासून पाडण्यांत आल्या. पायलीपायलीनें जमविलेला पैसा घातलेलीं कुटुंबें रस्त्यावर आलीं. इमारत चढत असतां ती कोणत्या अधिकाऱ्यास दिसली नाहीं? वीज आणि घरपट्टी आकारणारांस तरी दिसली असेल! ज्यांनीं विकलें त्यांच्या मोटारी शाबूत आहेत. ज्यांनीं घेतलें त्यांचे संसार ट्रकांत गेले.

गोरेगांवांत एका उड्डाणपुलास ताईंचें नांव दिलें आहे. पुलावरून मोटारी जातात; त्यांत आमचा आक्षेप नाहीं. पण वसईंत त्यांचें स्मरण करावयाचें असेल तर पुतळा नको, हार नको. सूर्येचें पाणी महिन्यांत किती आलें, कोणत्या वस्तीस किती तास सोडलें, टँकरवर किती खर्च पडला, आणि डहाणू-विक्रमगडच्या कालव्यांत किती राहिलें, याचा तक्ता महापालिकेनें प्रत्येक प्रभाग कचेरीच्या दारावर मराठींत लावावा. त्याशेजारींच त्या प्रभागांतील अनधिकृत इमारतींची यादी लावावी, म्हणजे घर घेणारा गरीब आधीं ती वाचील. जो उमेदवार मत मागावयास येईल त्याला आपल्या बायाबापड्यांनीं प्रथम त्या दारापर्यंत चालवीत न्यावें.