कोळशाचा ट्रक आला, आता परखी कुठे गेली?



गव्हाची ट्रॉली मंडीत नेली की काय होते ते आम्ही तुम्हांला सांगायला नको. पोत्यात परखी खुपसतात, दाणे तळहातावर घेऊन पाहतात, ओलावा मोजतात. सरकारी खरेदीत ओलावा शेकडा १२ च्या वर निघाला की रक्कम कापली जाते आणि १४ च्या वर गेला की माल परत. आपण कुरकुरतो, पण गव्हाच्या भावाने पाणी कोणी का घ्यावे, हे मनातून आपल्यालाही पटलेले असते. मात्र हाच शेतकरी वीटभट्टीसाठी कोळशाचा ट्रक मागवतो तेव्हा त्याची परखी कुठे जाते? ताडपत्री निघते, वरची चार काळी चकचकीत ढेकळे दिसतात, आणि पैसे हातावेगळे होतात. आमचे मत स्पष्ट आहे : मंडी आपल्याला जो नियम लावते तोच नियम आपण इंधनाला लावला पाहिजे. यात वखारवाल्यावर अविश्वास दाखवल्यासारखे काही नाही. व्यापारी आपल्या गव्हात परखी घालतो तेव्हा तो आपला अपमान करत नाही.

आपल्या हबीबगंजवरून इटारसीकडून येणाऱ्या कोळशाच्या मालगाड्या जातात. (स्टेशनचे नाव २०२१ पासून राणी कमलापती झाले आहे, पण वस्तीच्या तोंडी अजून हबीबगंजच आहे.) अशा एका गाडीत अठ्ठावन्न-एकोणसाठ डबे आणि साडेतीन-चार हजार टन माल असतो. वीज केंद्राला पुरवल्या जाणाऱ्या कोळशाचा नमुना घ्यायला विकणारा नव्हे, घेणारा नव्हे, असा तिसरा पक्ष नेमण्याची पद्धत गेली काही वर्षे आहे. धनबादच्या केंद्रीय खनन व इंधन संशोधन संस्थेकडे हे काम होते आणि इतर संस्थाही ते करतात. म्हणजे चार हजार टन घेणाऱ्याला राखणदार आहे. दहा टन घेणाऱ्याला स्वतःच्या दोन डोळ्यांवाचून कोणी नाही.

हे आम्ही शहाणपणाच्या तोऱ्यात लिहीत नाही. तीन वर्षांपूर्वी आपल्यातल्या सात-आठ कुटुंबांनी मिळून भट्टी लावायचे ठरवले आणि कोळसा आणायची जबाबदारी आम्ही अंगावर घेतली. ट्रक दिवेलागणीला आला. ड्रायव्हरला घाई होती, हमालांना घाई होती, आणि आम्हांलाही संध्याकाळच्या मिस्सेची घाई होती. पावतीवर सही करून मोकळे झालो. सकाळी बायकांनी घमेल्यांनी कोळसा वाहायला घेतला तेव्हा त्यांनी एका बाजूला वेगळा ढीग लावला. तो निव्वळ दगडांचा होता, दिसायला कोळशासारखाच काळा. आम्ही तो टोपलीने मोजला. सहा टोपल्यांमागे एक टोपली दगड निघाला. भट्टीच्या मधल्या विटा कच्च्या राहिल्या, त्यावरून जे बोलणे झाले ते इथे छापण्यासारखे नाही. ज्या बायकांनी दगड ओळखला त्यांच्यापैकी एकीलाही आम्ही आदल्या संध्याकाळी ट्रकजवळ बोलावले नव्हते, हे मात्र छापलेच पाहिजे.

दगड ओळखायला शाळा लागत नाही. चांगला कोळसा हाताला हलका लागतो. तेवढ्याच आकाराचा काळा दगड जवळजवळ दीडपट ते दुप्पट भरतो. कोळसा फोडला तर चमकदार पट्टे दिसतात, दगड मात्र मातकट आणि निस्तेज, अनेकदा पापुद्र्यांनी सुटतो. शंका आली तर निखाऱ्यावर ठेवा. दगड तापेल, पेटणार नाही.

पण ढेकळे पाहून नुसता दगड कळतो, ट्रकभर माल कळत नाही. ट्रक हलत येतो तेव्हा भुकटी खाली जाते आणि मोठी ढेकळे वर राहतात, म्हणून वरून घेतलेला नमुना नेहमी चांगलाच निघतो. माल उतरत असताना सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी, वेगवेगळ्या जागचा मिळून दहा-बारा घमेली काढा. निवडून घेऊ नका, फावड्यात येईल ते घ्या. ढेकळे सुपारीएवढी फोडा, सगळे एकत्र कालवा, शंकूसारखी रास करा, ती वरून दाबून पसरट करा आणि भाकरीसारखे चार वाटे पाडा. समोरासमोरचे दोन वाटे बाजूला टाका, उरलेले दोन पुन्हा कालवा, पुन्हा चार वाटे. किलोभर उरेपर्यंत हे करा. प्रयोगशाळेतला माणूसही हाताने नमुना घेताना असेच वाटे पाडतो. तो किलोभर माल साऱ्या ट्रकच्या वतीने बोलतो. त्यातला १०० ग्रॅम कुटून लोखंडी तव्यावर, उघड्यावर, काळेपणा पूर्ण जाईपर्यंत जाळा आणि उरलेली राख तोला. प्रयोगशाळेत हेच काम ८१५ अंशांच्या भट्टीत होते. तुमचा आकडा तितका नेमका नसेल, पण राख ३० ग्रॅम उरली की ५० ग्रॅम, हे नक्की कळेल. आपल्या देशातल्या कोळशात शेकडा ३० ते ४५ राख सर्रास असते, तेव्हा ३० ला भांडू नका.

वखारीत ‘एक नंबर माल’ हा शब्द ऐकाल. त्याला काही अर्थ नाही. १ जानेवारी २०१२ पासून आपल्या देशात साध्या कोळशाची प्रतवारी उष्णतेवरून होते, जी-१ ते जी-१७ अशा सतरा पायऱ्यांत, आणि दर पायरीला किलोमागे ३०० किलोकॅलरींचा फरक असतो. जी-१ म्हणजे ७००० च्या वर, जी-१७ म्हणजे २२०० ते २५००. वखारवाल्याला विचारा, जी किती? सांगता आले तर पावतीवर लिहून मागा.

आता पाणी. दहा टनांच्या ट्रकवर पाणी मारून त्यात शेकडा १० जादा ओल आणली, तर तुम्ही एक टन पाणी कोळशाच्या भावाने विकत घेतले. नुकसान एवढ्यावर थांबत नाही. एक किलो पाणी तापवून त्याची वाफ करायला सुमारे ६१५ किलोकॅलरी लागतात. ४००० किलोकॅलरीचा कोळसा धरला तर त्या एक टन पाण्याला घालवण्यातच दीडशे किलो कोळसा जातो. म्हणून वजन भरल्या गाडीचे आणि रिकाम्या गाडीचे, दोन्ही एकाच धर्मकाट्यावर, तुमच्यासमोर व्हावे. गाडीच्या तळातून पाणी ठिबकत असेल तर निथळेपर्यंत थांबवा. गुऱ्हाळवाल्यांना हे वेगळे सांगायला नको. चरकातून निघालेल्या चिपाडात निम्मे पाणी असते, म्हणून तर ते उन्हात वाळवल्याशिवाय चुलाणात घालत नाहीत.

माल चांगला निघाला तरी काम संपत नाही, कारण कोळसा जागच्या जागी तापतो. हवेतला प्राणवायू तो शोषून घेतो, त्यातून उष्णता निघते, आणि ढीग उंच, भुकटीचा व पोकळ असेल तर ती बाहेर पडत नाही. एकदा भिजून पुन्हा वाळलेला माल अधिक लवकर तापतो. झरियाच्या खाणींत १९१६ पासून आग आहे, तिथपर्यंत जायला नको. आपल्याकडे कडब्याच्या गंजीला लागून ढीग घालायची सवय आहे, तेवढीच पुरे आहे. ढीग माणसाच्या उंचीहून वर नेऊ नका, थर देऊन दाबा, जुना माल आधी वापरा, आणि गंजी, गोठा, लाकडी खांब यांपासून लांब ठेवा. ढिगात एक लांब लोखंडी गज खुपसून ठेवा. दर दोन-तीन दिवसांनी उपसून हात लावा. हात टेकवत नसेल तिथे आत आग धरते आहे असे समजा. अशा वेळी वरून बादल्या ओतणे हा सर्वांना सुचणारा आणि कुचकामाचा उपाय आहे. पाणी वाट काढून निघून जाते आणि गाभा तसाच राहतो. तापलेला भाग बाजूने खोदून काढा, मोकळ्यावर पसरा, मग विझवा. ढिगावर चढू नका, आत जळून पोकळी झाली असेल तर पाय आत जातो. भुकटी उडत असेल तर तोंडाला फडके बांधा आणि उचलताना हलका शिडकावा करा.

नरवाईच्या, भुशाच्या, लाकडाच्या कांड्या आणि गोळ्या आता सगळीकडे येऊ लागल्या आहेत, आणि आम्ही त्यांच्या बाजूचे आहोत. केंद्र सरकारने २०२१ च्या धोरणात वीज केंद्रांनी कोळशात शेकडा ५ असे इंधन मिसळावे असे म्हटले, त्यामुळे शेतातला काडीकचरा जाळून टाकण्याऐवजी त्याचे चार पैसे होण्याची आशा आहे. पण ‘हे तर आपल्याच शेतातले, याची काय भीती’ असे मानू नका. लाकडी गोळ्या बंद जागेत नुसत्या पडून असल्या तरी त्यांतून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. २००६ साली स्वीडनमधल्या हेल्सिंगबोर्ग बंदरात अशा गोळ्यांनी भरलेल्या जहाजाच्या जिन्यात उतरलेला एक खलाशी मरण पावला. तिथे काहीही जळत नव्हते. कोठाराची दारे उघडून बराच वेळ वारा खेळू द्या, मगच आत जा.

तोच वायू आपल्या घरातही शिरतो. थंडी आली की लोणारी कोळशाची शेगडी रात्री खोलीत ओढून घेतात आणि फटींना चिंध्या लावतात. भोपाळच्या माणसाला वायू म्हणजे काय हे सांगावे लागू नये. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री इथे जे झाले ते ज्यांनी सोसले ते अजून आपल्यात आहेत. त्या वायूने निदान डोळे तरी जाळले, माणसे उठून पळाली. शेगडीचा वायू काही जाळत नाही. त्याला वास नाही, रंग नाही. रक्ताला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोके दुखते, मळमळते, पाय लटपटतात, माणूस म्हणतो थकवा आला, आणि झोपी जातो. निखारा लालभडक असला आणि धूर अजिबात नसला म्हणजे शेगडी निर्धोक झाली, ही समजूत आम्ही सुशिक्षित घरांतही पाहिली आहे आणि ती खोटी आहे.

गेल्या पौषात पहाटे आम्हांला एका घरी बोलावले. नवरा-बायको आणि म्हातारी आई एका खोलीत होती, शेगडी अजून कोमट होती. धाकट्या मुलाला शौचाला उठावे लागले म्हणून दार उघडले गेले, एवढ्यावर तिघांचा जीव वाचला. शेजारी तोंडावर पाणी मारत होते आणि कांदा हुंगवत होते. त्याने काही होत नाही. माणसाला आधी उघड्यावर आणा, श्वास नसेल तर कृत्रिम श्वास द्या, आणि तडक दवाखान्यात न्या, कारण खरे औषध प्राणवायूच आहे. नुसत्या हवेत रक्तातला निम्मा वायू जायला चार-पाच तास लागतात, नळीने प्राणवायू दिला तर तास-दीड तास. शुद्धीवर आला म्हणून घरी ठेवू नका. आणि गर्भवती स्त्री असेल तर तिला सर्वांत आधी न्या.

शेगडी बाहेर पेटवा, बाहेर शेका, झोपण्याआधी बाहेरच ठेवा. आत अंथरायला जास्तीची गोधडी लागत असेल तर आम्हांला सांगा, सोय करू.

पुढचा ट्रक शनिवारी सकाळी दहाला येईल, अंधारात मुळीच नाही. प्रत्येक घरातून एक बाई आलीच पाहिजे. पडवीत ताणकाटा, तवा आणि सहा फुटी गज ठेवला आहे. ज्याला लागेल त्याने न्यावा, पण वहीत नाव लिहून. मागच्या खेपेला गज महिनाभर परत आला नव्हता, आणि शेवटी तो कोणाच्या तरी वेलाच्या मांडवाला सापडला.