कैदेचें कलम आणि काट्यावरचा भाव

विधेयक म्हणजे मुंबई-नागपूरच्या लोकांची गोष्ट, आपला त्याच्याशीं काय संबंध, अशी आपल्या लातूर-नांदेडकडे समजूत आहे. पावसाळी अधिवेशन भरतें तेव्हां इकडे कोळपणी चाललेली असते. नागपुरास हिवाळी अधिवेशन भरतें तेव्हां तुरीला शेंगा धरलेल्या असतात. विधेयक मांडलें कीं मागें घेतलें, हें आपल्या कानीं येतें तेव्हां अडत दुकानाला कुलूप लागलेलें असतें. २०१८ सालीं नेमकें असेंच झालें, म्हणून तेथूनच सुरुवात करतों.

त्या सालच्या ऑगस्ट महिन्यांत राज्याच्या मंत्रिमंडळानें ठरविलें कीं, १९६३ च्या बाजार समिती कायद्यांत दुरुस्ती करावी आणि हमीभावाहून कमी दरानें माल घेणाऱ्या व्यापाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद व पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड ठेवावा. ऐकून कोणाला बरें वाटलें नाहीं? आमच्याकडे कांहीं गांवांत लोकांनीं टाळ्याही पिटल्या. पण व्यापाऱ्यांनीं काय केलें? त्यांनीं खरेदीच बंद केली. ज्या लातूरच्या बाजारावर तुरीचा आणि सोयाबीनचा भाव आसपासचे सारे जिल्हे पाहतात, तो बाजार बंद पडला. मूग-उडदाची रास घरीं येण्याचे ते दिवस. पोळ्याला बैलाची झूल घ्यायची, पोरांच्या शाळेचें द्यायचें, मजुरांची आठवड्याची मजुरी द्यायची, आणि पोतीं ओसरीवर पडलेलीं! व्यापारी महिनाभर दुकान न उघडतां जगूं शकतो. दोन एकरांचा कुणबी आठ दिवसही थांबूं शकत नाहीं. सरकारनें पुढें हात आखडता घेतला व तें कलम कागदावरच राहिलें. कैदेंत एकही व्यापारी गेला नाहीं, दंड एकाचाही झाला नाहीं. शिक्षा झाली ती मूग घेऊन बसलेल्या शेतकऱ्यास.

म्हणून व्यापाऱ्याची बाजू खरी, असें कोणी समजूं नये. व्यापाऱ्याची वकिली करण्यासाठीं आम्हीं लेखणी हातीं धरलेली नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, तें कलम ज्यानें लिहिलें त्यानें बाजाराच्या ओट्यावर एक दिवस काढला असता, तर त्यास दोन गोष्टी तेव्हांच दिसल्या असत्या.

पहिली गोष्ट अशी. हमीभाव जाहीर होतो तो रास्त सरासरी प्रतीच्या मालाला. सोयाबीनमध्यें ओलावा शेंकडा बारा असावा, माती-काडी अमुक असावी, दाणा फुटका नसावा, अशा त्याच्या अटी. ओट्यावर व्यापारी मूठभर दाणे घेतो, दांताखालीं धरतो आणि म्हणतो, “पाटील, माल ओला आहे.” झालें! माल प्रतीचा नाहीं ठरला, म्हणजे हमीभाव लागू नाहीं, म्हणजे गुन्हाही नाहीं. पोटलींत भाव एक निघतो आणि काट्यावर पट्टी दुसरीच होते, हें ज्याला ठाऊक आहे त्याला आम्हीं निराळें काय सांगावें? ओलावा कोणीं मोजावा, कोणाच्या यंत्रानें मोजावा, मोजल्याची चिठ्ठी शेतकऱ्याच्या हातीं पडावी कीं नाहीं, याविषयीं एक ओळ नसेल, तर कैद वर्षाची लिहा नाहीं तर दहा वर्षांची लिहा, फरक शून्य.

दुसरी गोष्ट याहून मोठी. व्यापाऱ्यानें त्या भावानें घेतलें नाहीं, तर घेणार कोण? कमी भावानें घेऊं नको, असें कायदा सांगूं शकतो. पण घेच, असें सांगूं शकत नाहीं. मग सरकारचें खरेदी केंद्र त्याच आवारांत, त्याच दिवशीं उघडें पाहिजे. २०२४ च्या खरिपांत सोयाबीनचा हमीभाव ४८९२ रुपये होता आणि बाजार त्याच्या पुष्कळ खालीं होता. केंद्रें उघडलीं, नांवनोंदणी झाली, परंतु बारा टक्के ओलाव्याच्या अटीवर गाड्या परत फिरूं लागल्या. नोव्हेंबरच्या मध्यास केंद्र सरकारनें ती अट पंधरा टक्क्यांपर्यंत सैल केली. तोंपर्यंत ज्याला दिवाळी करायची होती त्यानें माल विकून टाकला होता. पुढें बारदाना नाहीं म्हणून खरेदी खोळंबली. पोतें नाहीं म्हणून पोत्यांतला माल घेत नाहीं! हीं पोतीं कोणत्या विधेयकानें येणार होतीं, हें त्या मंत्रिमंडळानें सांगावें.

आतां २०२१ कडे वळूं. केंद्रानें २०२० च्या सप्टेंबरांत तीन शेती कायदे केले. त्यांवर दिल्लीच्या वेशीवर शेतकरी बसले आणि जानेवारी २०२१ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें त्या कायद्यांस स्थगिती दिली. मग ६ जुलै २०२१ रोजीं महाराष्ट्र सरकारनें विधानसभेंत स्वतःचीं तीन विधेयकें ठेवलीं आणि लोकांच्या सूचनांसाठीं दोन महिने दिले. हें सूचना मागविणें आम्हांस आवडलें. रयतेला विचारण्याची रीत दुर्मिळ आहे.

त्यांत चांगलें काय होतें तें मोकळेपणानें सांगतों. केंद्राच्या कायद्यांत ज्याच्याकडे पॅन कार्ड आहे तो कोणीही माल विकत घेऊं शकत होता; राज्याच्या विधेयकानें व्यापाऱ्यास परवाना सक्तीचा केला. केंद्राच्या कायद्यांत करारशेतीला हमीभावाचा आधारच नव्हता. राज्यानें हमीभावाहून कमी भावाचा करार रद्दबातल ठरविला. मालाचे पैसे सात दिवसांत न देणें म्हणजे शेतकऱ्याचा छळ, आणि त्यास तीन वर्षांची कैद व पांच लाखांचा दंड, असें त्यांत होतें. दुष्काळ, भाववाढ, नैसर्गिक आपत्ति अशा वेळीं साठ्यावर मर्यादा घालण्याचा अधिकारही राज्यानें आपल्या हातीं मागितला.

परंतु “सात दिवस” हा शब्द पाहा. केंद्राचा कायदा इतर बाबतींत वाईट, पण त्यांतसुद्धां पैसे त्याच दिवशीं, नाहीं तर फार तर तीन कामाच्या दिवसांत देण्याचें लिहिलें होतें. राज्यानें ते सात केले! ज्यानें हें लिहिलें त्याला पगार महिन्याच्या महिन्याला मिळत असावा. शेतकऱ्याला सात दिवस थांबवा, म्हणजे तिसऱ्या दिवशीं तोच म्हणतो, “शेठ, रोख द्या, वटाव कापून घ्या.” वटाव कापून दिलेला पैसा सात दिवसांच्या आंतच पोंचतो, मग छळ कुठें झाला आणि फिर्याद कशाची?

तंट्याचीही तीच कथा. केंद्रानें तंटा उपविभागीय अधिकाऱ्याकडे दिला आणि दिवाणी न्यायालयाचें दार बंद केलें. राज्यानें त्या जागीं सक्षम प्राधिकारी व त्यावर अपिली प्राधिकारी बसविला. नांव बदललें. किनवट-माहूरच्या कोलाम-गोंडानें नांदेडला शंभर किलोमीटरहून अधिक वाट तुडवून तारखेला यायचें कीं नाहीं, हा प्रश्न तसाच राहिला. चार क्विंटल मालाच्या तंट्यासाठीं चार खेपा कोण घालील? फिर्याद बाजार समितीच्या आवारांत, त्याच आठवड्यांत ऐकली जाईल, असें एक वाक्य पुरें होतें.

आणि शेवटीं झालें काय? केंद्राच्या कायद्यांना जोडलेलीं हीं दुरुस्तीचीं विधेयकें. त्यांना राष्ट्रपतींची संमति लागणार होती. २०२१ च्या २९ नोव्हेंबरला संसदेनें मूळ कायदेच रद्द केले आणि डिसेंबरांत राज्यानें आपलीं विधेयकें मागें घेतलीं. लुगडेंच फाडून टाकलें, मग काठ कशाला शिवायचा? हें ठीकच. पण परवान्याचें, पैशाच्या मुदतीचें, करारांतील हमीभावाचें जें चांगलें होतें, तें राज्याच्या स्वतःच्या १९६३ च्या कायद्यांत घालण्यास कोणीं हात धरला होता? बाजार हा विषय राज्याचा आहे. त्यासाठीं दिल्लीच्या कायद्याला लोंबकळण्याची गरज नव्हती.

बियाण्याची गोष्ट तर अंगावरची जखम आहे. २०२० च्या जून-जुलैंत मराठवाड्यांत सोयाबीन पेरलें आणि उगवलेंच नाहीं. लातूर-नांदेडांत तक्रारींचा ढीग पडला आणि औरंगाबादच्या खंडपीठानें स्वतःहून दखल घेतली. दुबार पेरणी म्हणजे काय, हें ज्यानें बायकोच्या अंगावरचें डोरलें गहाण ठेवून केली त्याला विचारा. १९६६ च्या केंद्रीय बियाणें कायद्यांत पहिल्या गुन्ह्यास दंड पांचशें रुपयांपर्यंत! पांचशांत आज बियाण्याची एक बॅगही येत नाहीं. नुकसानभरपाईचें तर त्या कायद्यांत नांवच नाहीं. त्यासाठीं ग्राहक न्यायालयांत जावें लागतें, आणि तो हक्कही २०१२ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें शेतकऱ्याच्या बाजूनें स्पष्ट केला तेव्हां निश्चित झाला.

२०२३ च्या पावसाळी अधिवेशनांत राज्य सरकारनें या बाबतींत पांच विधेयकें मांडलीं. एकांत उत्पादक, वितरक व विक्रेता यांजकडून भरपाई देवविण्याची तजवीज होती. दुसऱ्यांत बोगस बियाणें-खतें विकणारास झोपडपट्टीदादा व हातभट्टीवाले यांच्या पंक्तीस बसवून १९८१ च्या स्थानबद्धतेच्या कायद्याखालीं आणण्याचें होतें. विधेयकें संयुक्त समितीकडे गेलीं आणि नोव्हेंबरच्या २ ते ४ तारखांस राज्यभरच्या कृषि सेवा केंद्रवाल्यांनीं दुकानें बंद ठेवलीं. त्यांचें म्हणणें, पिशवी कंपनीनें शिवून पाठविली, आंत काय आहे तें आम्हीं कसें पाहावें? या एका मुद्द्यावर आम्ही दुकानदाराशीं सहमत आहों. औसा-निलंग्याच्या छोट्या दुकानदारास चौकशीवांचून डांबून ठेवल्यानें उगवण होत नाहीं. भरपाईचें विधेयक मात्र शेतकऱ्याच्या खऱ्या कामाचें होतें. त्याचा भार आधीं कंपनीवर टाका, आणि पंचनामा पेरणीनंतर इतक्या दिवसांत झालाच पाहिजे, न झाल्यास शेतकऱ्याचें म्हणणें खरें धरावें, असें लिहा. डांबून ठेवण्याच्या कलमाचा गाजावाजा झाला आणि त्या गोंगाटांत भरपाईचें कलम मागें पडलें. असें नेहमींच होतें.

ही खोड आजची नव्हे. १९२७ सालीं मुंबई कौन्सिलांत लहान जमिनींचे तुकडे होऊं न देण्याचें बिल आलें. वरवर पाहतां शेतकऱ्याच्या हिताचें, पण डॉ. आंबेडकरांनीं त्या वर्षीं ऑक्टोबरांत कौन्सिलांत दाखवून दिलें कीं, खोट जमिनीच्या लहानपणांत नसून भांडवल आणि अवजारें नसण्यांत आहे. ब्राह्मणेतर पक्षानेंही त्यास विरोध केला, आणि तें बिल बारगळलें. तेव्हां आपण निजामाच्या राज्यांत होतों. आपल्याला विचारणारें कौन्सिल नव्हतें. १९४८ नंतर हैदराबाद राज्याचा १९५० चा कूळ कायदा आला. कायदा मोठा, उद्देश चांगला. परंतु १९५८ मध्यें प्रसिद्ध झालेल्या अ. म. खुस्रो यांच्या पाहणीनें दाखविलें कीं, पुष्कळ संरक्षित कुळें हुसकलीं गेलीं किंवा त्यांनीं “राजीखुषीनें” जमिनी सोडल्या. कूळ राजीखुषीनें जमीन सोडतें! वाड्याच्या ओसरीवर अंगठा कसा उठतो, हें लिहिणाराला माहीत नव्हतें असें नाहीं.

विधेयक तपासण्याचें काम विद्वानांचें, असें म्हणून आपण बाजूला होतों. पण २०१८ मध्यें धर्माबाद तालुक्यांतल्या चाळीसेक गांवांनीं आम्हांला तेलंगणांत घाला अशी मागणी केली. का? तर तिकडे रयतु बंधू योजनेंत एकरीं चार हजार रुपये दर हंगामाला पेरणीपूर्वीं मिळूं लागले होते आणि बांधापलीकडचा सोयरा तें सांगत होता. त्या गांवकऱ्यांनीं दोन राज्यांचे कारभार शेजारीं ठेवून तोलले. याला कोणती पदवी लागली? (तिकडेही कसणाऱ्या खंडकऱ्यास कांहीं मिळत नव्हतें, पैसा सातबाऱ्याच्या धन्याला, हेंही सोयऱ्यानें सांगितलें असतें तर बरें झालें असतें.)

लोहार, सुतार, कुंभार बंधूंनीं हा प्रश्न आपला नाहीं असें म्हणूं नये. सोयाबीन हमीभावाखालीं गेलें त्या वर्षीं गाडीची धाव बसवायला कोण आलें आणि लग्नाचीं मडकीं उधार कोणीं नेलीं, हें तुमच्या वहीला विचारा.

लातूर जिल्ह्याचे सहा आणि नांदेडचे नऊ, असे पंधरा आमदार विधानसभेंत बसतात. विधेयक मराठींत छापलेलें असतें. अधिवेशनाआधीं ग्रामसभेंत त्याची प्रत त्यांच्याकडे मागावी आणि मोठ्यानें वाचवून घ्यावी. हमीभावाचें विधेयक पुन्हां येईल तेव्हां कैद किती वर्षांची हें शेवटीं विचारावें. आधीं विचारावें कीं ओलावा मोजणारें यंत्र समितीचें असेल कीं शेठचें, आणि मोजल्याची चिठ्ठी मिळेल कीं नाहीं. पैसे काट्यावरून उतरतांच मिळतील कीं सात दिवसांनीं. व्यापाऱ्यानें पाठ फिरविली तर त्याच संध्याकाळीं, त्याच आवारांत, बारदाना घेऊन सरकारचा माणूस उभा असेल कीं नाहीं. आमदारसाहेबांनीं उत्तर तोंडी दिलें तर तें ग्रामसेवकाकडून ठरावाच्या वहींत, तारखेसह, लिहवून घ्यावें.