साप दिसला की काठी?



मागच्या एका गळीत हंगामात कान्हे शिवारात, नदीच्या अंगाच्या एका फडात तोड चालू होती. अचानक ओरडा झाला, "नाग हाय, नाग!" चौघे-पाचजण कोयते घेऊन धावले. आम्ही बांध ओलांडून पोचेपर्यंत काम उरकले होते. पाचटावर पडली होती ती सात फुटांची धामण. पोट फुगलेले दिसले म्हणून एकाने कोयत्याने चिरले, तर आत दोन उंदीर निघाले. फडाचे मालक आपले जुने सभासद. ते नुसते बघत राहिले आणि म्हणाले, "ही तर आपलीच राखण करत होती की हो!"

हा एका फडाचा प्रसंग असता तर आम्ही लेखणी उचलली नसती. पण दर हंगामात, गटागटात हेच चालते. साप दिसला की काठी, ही आपली रीतच होऊन बसली आहे. ही रीत आपल्याला दोन बाजूंनी महाग पडते, असे आमचे स्पष्ट मत आहे. उसाचे नुकसान होते, ते एक. आणि खरोखरच दंश झाला तर माणूस हकनाक जातो, ते दुसरे.

आधी उसाचे बघू. पडलेल्या उसात उंदीर बुडख्याकडची कांडी कुरतडतो. तोंड लागलेला ऊस आंबतो, वाळतो. वजन घटते ते सभासदाचे आणि उतारा घटतो तो साऱ्या कारखान्याचा. त्या उताऱ्यावरच आपला दर ठरतो, हे का आम्ही सांगायला पाहिजे? उंदरासाठी आपण झिंक फॉस्फाईडचे आमिष विकत आणतो, आणि मांजर जाऊ शकत नाही अशा बिळात शिरून उंदीर खाणारी धामण मात्र फुकटची म्हणून ठेचतो. हा कुठला हिशेब?

याला जोडूनच पाचटाचा प्रश्न आहे. शेतकी खाते वर्षानुवर्षे कानीकपाळी ओरडते आहे की खोडव्यात पाचट जाळू नका. हेक्टरी 8 ते 10 टन पाचट निघते, ते कुजले तर जमिनीचे सोने होते, ओल टिकते. सभेत सगळे माना डोलावतात. घरी आल्यावर मात्र म्हणतात, "पाचट ठेवलं की साप होतात," आणि काडी लावतात. ही भीती खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. पाचटात बेडूक-उंदीर येतात आणि त्यांच्या मागे साप येतो. पण आग लावल्याने मरते ते वर असलेले जनावर. बिळातला उंदीर बहुधा तगतो आणि पुढच्या खोडव्याला हजर होतो. तेव्हा पाचट जाळण्यापेक्षा ते सरीत सारखे पसरावे, ढीग करू नये. घराजवळ आणि तोडणी मजुरांच्या कोप्यांजवळ तर मुळीच रचू नये. पाचटात उघडा हात घालू नये, दाताळ्याने ओढावे.

आता ओळखीकडे वळू. आपल्या देशात सापांच्या 300 हून अधिक जाती आहेत. त्यांतल्या नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या दंशाने सर्वांत जास्त माणसे दगावतात. शेतात, माळावर नि ओढ्याकाठी दिसणारे बरेचसे साप निरुपद्रवी असतात.

धामण पिवळसर तपकिरी, लांब, डोळे मोठे, ओठांवर काळ्या उभ्या रेघा. फणा काढत नाही, चाहूल लागताच पळते. दिवड पाटात, विहिरीत, भातखाचरात असते. अंगावर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन, डोळ्यामागे दोन काळ्या रेघा. स्वभावाने तापट, चावते, पण विष नाही. नानेटी पावसाळ्यात बांधावर दिसते. पाठीवर दोन फिकट पिवळे पट्टे, गरीब जनावर. तस्करही उंदरांना वेटोळ्यात आवळून खातो.

घोटाळा होतो तो दोन जोड्यांत. पहिली जोडी कवड्या आणि मण्यार. कवड्या तपकिरी, भिंतीवर चढणारा. त्याचे पांढरे पट्टे मानेकडे ठळक आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यार काळीभोर, चकचकीत. तिचे बारीक पांढरे पट्टे बहुधा जोडीजोडीने, मानेकडे पुसट आणि शेपटीकडे ठळक. दुसरी जोडी डुरक्या घोणस आणि खरी घोणस. डुरक्याच्या अंगावर वेडेवाकडे डाग, शेपूट आखूड आणि खरबरीत. घोणशीच्या पाठीवर साखळीसारख्या लंबगोल ठिपक्यांच्या तीन रांगा असतात, आणि ती कुकरच्या शिट्टीसारखा मोठा आवाज काढते.

"डोकं तिकोनी म्हंजे विषारी" हा आडाखा सोडून द्या. नागाचे नि मण्यारीचे डोके तिकोनी नसते. "हिरवा साप बिनविषारी" हेही खरे नाही. आपल्या घाटातल्या बांबूच्या बेटात राहणारा चापडा हिरवाच असतो आणि विषारी असतो. म्हणून ही ओळख दुरून करायची, दहा फुटांवरून. ओळख पटली तर सोडून द्यायचे, नाही पटली तरी आपण बाजूला होऊन त्याला वाट द्यायची. हातात धरून खात्री करणाऱ्यांचे शहाणपण आम्हाला नको आहे.

काही समजुतींनाही मूठमाती दिली पाहिजे. धामण गाईचे पाय बांधून दूध पिते म्हणतात. सापाला आचळ चोखताच येत नाही. नाग-धामणीची जोडी म्हणून आपण जे पाहतो, ती बहुधा दोन नर धामणांची झोंबी असते. मांडूळाला दोन तोंडे नसतात, त्याचे शेपूटच बोथट असते. गुप्तधनाच्या आणि लाखो रुपयांच्या आशेने मांडूळ विकायला निघालेली माणसे पोलीस कोठडीत गेल्याच्या बातम्या आपण वाचतोच. सापांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे.

आता जिवाचे. 2000 ते 2019 या 20 वर्षांत देशात सुमारे 12 लाख माणसे सर्पदंशाने गेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. म्हणजे वर्षाला सरासरी 58 हजार. यांतली बहुतेक आपल्यासारखीच खेड्यातली, रानात राबणारी. केंद्र सरकारने 2024 साली आराखडा करून 2030 पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे ठरवले आहे. पण आपण मांत्रिकाकडे जात राहिलो तर आराखडा काय करील? मांत्रिकाचा गुण येतो तो का, हे नीट समजून घ्या. चावलेला साप पुष्कळदा बिनविषारी असतो. विषारी असला तरी दर वेळी विष सोडतोच असे नाही. तो माणूस काही न करताही वाचला असता. त्याचे श्रेय मंत्राला मिळते, आणि त्या भरवशावर पुढचा, खऱ्या घोणशीचा रोगी दोन तास अंगाऱ्यात घालवतो.

सबब ओळख ही साप न मारण्यासाठी आहे, दंशावर निदान करण्यासाठी नाही. चावल्यावर "दिवडच होती" म्हणून घरी बसू नका. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, तेव्हा पुष्कळदा दुखतही नाही, खूणही दिसत नाही. पहाटे पोट दुखते, पापण्या जड होतात, आणि मग उशीर झालेला असतो. आवळून दोरी बांधू नका, ब्लेड मारू नका, चोखू नका. माणसाला चालवू नका, चावलेला हात-पाय हलू देऊ नका आणि 108 ला फोन करून थेट सरकारी दवाखाना गाठा. साप मारून बरोबर नेण्याची गरज नाही. आपल्याकडची लस या चौघांवरही चालते आणि डॉक्टर लक्षणे पाहून इलाज करतात.

या कामी कारखान्याकडे आमचे तीन आग्रह आहेत. एक, हंगामापूर्वी मुकादमांच्या बैठकीत चिटबॉयने अर्धा तास हाच विषय घ्यावा आणि प्रत्येक गट कार्यालयात सापांची रंगीत चित्रे लावावीत. दोन, तोडणी मजुरांना कोपीत जमिनीवर झोपावे लागू नये म्हणून खाटा नि मच्छरदाण्या द्याव्यात. ती बाया-माणसे आपल्यासाठी घर सोडून आलेली असतात. तीन, सभासदांच्या मुलांची एक सहल पुण्याला कात्रजच्या सर्पोद्यानात न्यावी. 1986 साली सुरू झालेल्या या उद्यानात साप काचेआड बघून मुलांची जी भीती मोडेल, ती आमच्या दहा लेखांनी मोडणार नाही.

आणि सभासदांकडे एकच. रात्रीच्या लाईटवर दारे धरायला जाताना पायात गमबूट आणि हातात बॅटरी असू द्या. बॅटरीच्या उजेडात धामण दिसली, तर क्षणभर थांबा आणि तिला उसात जाऊ द्या. ती तुमच्याच कामाला निघाली आहे.