बेळगाव किती प्रकारे लिहितात?

आपल्या भागातल्या घरात शाळेचा दाखला कानडीत असतो, लग्नपत्रिका मराठीत आणि बँकेचं पासबुक इंग्रजीत. नाव एकच, पण लिहिणारे हात तीन. माणसाला हे लगेच उमगतं. संगणकाला मात्र ते शिकवावं लागतं, आणि शिकवताना नेमकं कुठे अडतं ते आज सांगतो.

आमच्या वाचनालयाच्या वार्षिक सभेची नोटीस शहरातल्या सभासदांना घरपोच द्यायची होती. त्यासाठी यादीतून बेळगावचे पत्ते वेगळे काढायचे होते. शोधात जो सुटेल, त्याच्या दारी नोटीस जाणार नाही. नोटीस नाही म्हणजे सभेत हात वर करणंही नाही. यादीचा अर्धा भाग मराठीत टाईप केलेला, अर्धा कानडीतून प्रोग्रॅमने देवनागरीत आणलेला.

साधा शोध ‘बेळगाव’ एवढंच जाणतो. पण जुनी मंडळी ‘बेळगांव’ लिहितात. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी असे न उच्चारले जाणारे अनुस्वार काढले, तरी हाताची सवय जात नाही. हिंदीत ‘बेलगाम’ लिहितात. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदावर ‘बेळगावी’ आलं. आणि कानडीतून आलेल्या भागात होतं ‘बॆळगावि’. युनिकोडमध्ये कानडी अक्षराचा क्रमांक त्याच देवनागरी अक्षराच्या क्रमांकापेक्षा ८९६ ने मोठा असतो, म्हणजे क २३२५ तर कानडी क ३२२१. प्रोग्रॅम ८९६ वजा करतो आणि मोकळा होतो. कानडीत ऱ्हस्व आणि दीर्घ असे दोन ‘ए’ आहेत. त्यातला ऱ्हस्व तसाच देवनागरीत उतरतो, शेवटची वेलांटीही ऱ्हस्वच राहते. त्याच रीतीने ‘जोशी’चे ‘जोशि’ आणि ‘पाटील’चे पाय मोडके ‘पाटील्’ होतात.

अशा वेळी रेग्युलर एक्स्प्रेशन कामी येतं. म्हणजे एक शब्द न देता शब्दाचा नमुना द्यायचा. लिब्रे ऑफिसच्या ‘फाइंड अँड रिप्लेस’मध्ये हा पर्याय आहे, नोटपॅड प्लस प्लसमध्येही आहे. नमुन्यात उभी रेघ म्हणजे ‘किंवा’. आमचा नमुना असा झाला:

(बे|बॆ)(ल|ळ)(गा|गां)(व|वी|वि|म)

कंसात पूर्ण अक्षर ठेवलंय, तेही मुद्दाम. आपल्याला ‘गां’ हे एक अक्षर दिसतं, पण संगणकाला ती तीन चिन्हं: ग, काना, अनुस्वार. ‘गां?’ असं लिहिलं तर प्रश्नचिन्ह फक्त अनुस्वाराला लागू होतं, अख्ख्या अक्षराला नाही. म्हणून नमुना लिहिताना अक्षर तोडू नये. लांबलचक दिसला तरी चालेल, डोळ्यांना वाचता आला पाहिजे.

आता उलटा त्रास. हवं ते सापडलं, पण नको तेही सोबत आलं. ‘बेळगावकर’ आडनावाचे सभासद कुठेही राहत असोत, सगळे हजर! शेऱ्याच्या रकान्यात कुणी ‘बेलगाम खर्च’ लिहिलेलं, तेही आलं. यावर उपाय दोन. शोध पत्त्याच्या रकान्यापुरताच ठेवायचा, आणि नमुन्याच्या शेवटी ( |,|$) जोडायचं, म्हणजे पुढे मोकळी जागा, स्वल्पविराम किंवा ओळीचा शेवट असलाच पाहिजे. शब्दाची हद्द ओळखायची तयार खूण असते खरी, पण काही प्रोग्रॅम काना-वेलांटीला अक्षर मानत नाहीत. त्यांना ‘वी’मधल्या ‘व’पाशीच शब्द संपल्यासारखा वाटतो. आपली खूण आपण लिहिलेली बरी.

पाकिटांच्या वेळी आणखी एक गंमत. पुरुष सभासद निवडायला ‘श्री.’ शोधलं, तर श्रीमतीही रांगेत! कारण नमुन्यात टिंब म्हणजे टिंब नव्हे, ‘कोणतंही एक चिन्ह’. ‘श्रीमती’तला ‘म’ त्याला पुरतो. टिंबाआधी तिरकी रेघ द्या, ‘श्री\.’ असं, की खरं टिंबच शोधलं जातं.

नमुना अडला की माझी रीत एकच. तो सगळा पुसायचा आणि नुसतं ‘बे’ शोधायचं. सापडलं की पुढचा कंस जोडायचा, पुन्हा शोधायचं. ज्या कंसाला शोध थांबतो, दुखणं तिथेच. तिथेही डोळ्यांना काही दिसलं नाही, तर दोन शब्दांत दोन मोकळ्या जागा किंवा जोडाक्षरात दडलेलं न दिसणारं चिन्ह असतं. तो शब्द पुसून हाताने पुन्हा टाईप करून पाहावा. शिवाय दहा ओळी सापडायलाच हव्यात अशा आणि पाच सापडताच कामा नयेत अशा, वेगळ्या लिहून ठेवाव्यात. नमुन्यात बदल केला की आधी त्यांच्यावर चालवायचा, मग यादीवर.

आणि शेवटचं, सर्वांत महत्त्वाचं. सापडलेल्यांची यादी सगळे पाहतात, न सापडलेल्यांची कुणी पाहत नाही. आपण ती पाहावी. आमच्या उरलेल्या यादीत ‘बेळ्गाव’ होतं, ‘मु. पो. बेळ’ एवढ्यावर संपलेला पत्ता होता, आणि गावाचं नाव न लिहिता नुसतं ‘शहापूर’ लिहिणारेही होते. हे कुठल्याच नमुन्यात बसलं नसतं. शहापूर म्हणजे कुठलं ते आपल्याला कळतं, यंत्राला नाही. ‘सापडलं नाही’ याचा अर्थ ‘आपण विचारलं तसं लिहिलेलं नाही’ इतकाच, माणूस नाही असा नव्हे. घरात यादी असेल तर आज्जी-आजोबांना शेजारी बसवून ती उरलेली पानं वाचा. कोण कुठल्या गल्लीत राहतं ते त्यांना नमुन्याशिवाय ठाऊक असतं.